हॉटेलचं सॉफ्टवेअर (पीएमएस) घेऊन दहा महिने झाले, अजून वहीच चालू आहे. रिन्यू करू की सोडून देऊ?

तारकर्ली_अकरा_खोल्या

नमस्कार मंडळी. तारकर्लीला आमच्या ११ खोल्या आहेत, सात एसी चार साध्या, खाली जेवणाचा हॉल. बाबांनी निवास न्याहरीच्या दोन खोल्यांवर सुरू केलेलं, मी पुण्याची नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी परत आलो. गेल्या मे महिन्याच्या सीझनआधी एक पीएमएस घेतलं, म्हणजे बुकिंग, चेक-इन, बिल सगळं एका जागी, सोबत चॅनल मॅनेजर, म्हणजे ऑनलाइन बुकिंगच्या पोर्टलवरच्या खोल्या आपोआप कमी-जास्त होणार. डेमोमध्ये सेल्सवाल्याने सगळं असं भराभर दाखवलं की मला वाटलं आता मी दुपारी झोपा काढणार.

आता काय चालतं ते सांगतो. फोनवरची बुकिंग बाबा वहीत लिहितात. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने नाव टाकते. मी रात्री साडेदहाला जेवणं उरकली की वहीतलं बघून सॉफ्टवेअरमध्ये भरतो, आणि कधी कधी नाहीच भरत कारण डोळे मिटत असतात. म्हणजे आधी एक काम होतं आता तीन झाली.

२६ जानेवारीच्या वीकेंडला तर हद्द झाली. रात्री नऊला कोल्हापूरहून एक कुटुंब आलं, दोन लहान पोरं गाडीत झोपलेली, हातात पोर्टलचं कन्फर्मेशन. आणि तीच खोली बाबांनी त्याच दिवशी सकाळी फोनवर सांगलीच्या माणसाला दिलेली, ५०० रुपये अ‍ॅडव्हान्स पण आलेला. सगळ्या देवबागेत फोन फिरवले, कुठेच जागा नाही. शेवटी आईबाबांची खोली रिकामी करून दिली, ती दोघं माजघरात झोपली. पाहुण्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही पण रिव्ह्यूमध्ये जे लिहायचं ते लिहिलंच.

आणखी एक, आमचा रेट माणशी असतो जेवणासकट, आणि सॉफ्टवेअरला फक्त खोलीचा भाव कळतो, तिथे तर सगळंच गंडलंय. साफसफाईच्या मावश्यांना अ‍ॅप जमत नाही. पावसात लाईट गेली की नेट गेलं. आता वर्षाचे पैसे भरायची वेळ आलीय. बाबा म्हणतायत तेवढ्यात एक फ्रीज येईल. तुमच्यापैकी कोणाला या सॉफ्टवेअरचा खरंच उपयोग झालाय का? झाला असेल तर नेमका कशात?

पुळ्याचा_वाटाड्या

गणपतीपुळ्याला १८ खोल्या, चौथं वर्ष आहे सॉफ्टवेअरचं. पहिलं वर्ष तुझ्यासारखंच गेलं म्हणून लिहितोय.

तुझा घोळ त्या "रात्री भरतो" मध्ये आहे. सकाळी अकराला बाबांनी खोली दिली आणि तू साडेदहाला भरणार, म्हणजे साडेअकरा तास ती खोली पोर्टलवर रिकामीच दिसतेय आणि विकायला उघडी आहे. चॅनल मॅनेजर बिचारा त्याला जे माहीत आहे तेच पोर्टलला सांगणार ना. उलट वही होती तेव्हा पोर्टलवर तू हाताने दोनच खोल्या टाकत असशील, आता अकराच्या अकरा टाकल्यास, म्हणजे धोका वाढला.

आमचे वडीलही मोबाईलवर एंट्री करायला तयार नव्हते, आणि वयाच्या सत्तरीत त्यांनी का करावी? मग आम्ही घरातल्या घरात एक रीत लावली. फोन आला की बाबा म्हणतात "दोन मिनिटांत कळवतो", फोन ठेवून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता आवाज पाठवतात, "शनिवार रविवार दोन खोल्या साताऱ्याचे पाटील." मी, बायको नाहीतर काउंटरवरचा पोरगा, ज्याच्या हातात फोन असेल तो लगेच सॉफ्टवेअरमध्ये टाकतो आणि ग्रुपवर लिहितो "पडलं". "पडलं" आल्याशिवाय बाबा गिऱ्हाईकाला हो म्हणत नाहीत. बस. एवढ्या एका शब्दावर आमची डबल बुकिंग थांबली, सॉफ्टवेअर तेच, कंपनी तीच. पहिले पंधरा दिवस बाबा चिडले, "मी काय कारकून आहे काय, पडलं पडलं", नंतर सवय झाली.

दुसरी गोष्ट ऐकायला फालतू वाटेल. कंपनीवाल्याने खोल्यांना १०१, १०२ असे नंबर दिलेले. आमच्या घरात एकालाही १०४ म्हणजे कुठली ते माहीत नव्हतं. आम्ही म्हणतो विहिरीकडची, चिकूखालची, जिन्याजवळची, आणि एक आहे आत्याची, कारण आत्या तिथे राहायची. मावशीला सांगितलं १०४ साफ करा की ती विचारणार कुठली ती. एक दिवस बसून सॉफ्टवेअरमध्ये नावंच बदलली, आता स्क्रीनवर "चिकू", "विहीर", "आत्या" असं दिसतं. पाहुण्यांना गंमत वाटते आणि चुकीच्या खोलीत सामान जायचं बंद झालं.

आणि "ठेव रे दोन खोल्या, बघतो" म्हणणारी जी जमात आहे त्यांच्यासाठी होल्ड वापर. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये टेंटेटिव्ह बुकिंग टाकता येतं, सोबत सोडायची तारीख. अ‍ॅडव्हान्स नाही आला तर त्या तारखेला खोली परत मोकळी होते, काही सॉफ्टवेअरमध्ये आपोआप, काहींमध्ये आपल्याला आठवण येते. नातेवाईकांना पण मी होल्डवरच टाकतो, शिव्या खाल्ल्यात त्यावरून.

अंगारकीला मात्र मी पोर्टल सरळ बंद ठेवतो, स्टॉप सेल. त्या दिवशी जुनी माणसंच एवढी येतात की कमिशन कशाला द्या. लाँग वीकेंडला शेवटची एक खोली कधीच पोर्टलवर नाही, ती हाताशी असू दे. कोणाचा एसी बिघडला तर हलवायला जागा पाहिजे.

खाडीपलीकडचो

आमच्याकडे पण तसाच. माझो भाऊस मुंबयत बसान बुकिंग घेता आणि माका सांगाक विसारता. शिमग्याक दोन गाडये एकदमच दारात. शेवटी भावाकच सॉफ्टवेअरचो लॉगिन दिलो, म्हटला तूच टाक नायतर बुकिंग घेव नको. आता गप टाकता.

हर्णै_फ्रंट_ऑफिस

गोव्यात नऊ वर्षं फ्रंट ऑफिसला होतो, आता हर्णैला स्वतःच्या ९ खोल्या बघतो, म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत.

माणशी रेटचं सांगतो, तिथेच कोकणातले सगळे अडकतात. ही सॉफ्टवेअरं शहरातल्या हॉटेलांसाठी बनलेली असतात, तिथे माणूस खोली घेतो आणि जेवायला बाहेर जातो. आपल्याकडे उलटं, माणसं जेवणासाठी येतात आणि रात्री झोपतात! पण सोय असते, फक्त सेटअप करणाऱ्या पोराने तुम्हाला विचारलं नसणार. रेट प्लॅनमध्ये ऑक्युपन्सीप्रमाणे, म्हणजे खोलीत माणसं किती त्यावर, भाव टाकायचा. समजा माणशी १८०० आहे, नाश्ता आणि दोन जेवणं धरून. तर त्या खोलीचा दोघांचा भाव ३६००, तिघांचा ५४०० किंवा तिसऱ्याला काही कमी करत असाल तर तसा, लहान मुलाचा वेगळा. या प्लॅनला एपी म्हणतात, सगळी जेवणं आली. फक्त नाश्ता असेल तर सीपी, नाश्ता आणि एक जेवण असेल तर मॅप, नुसती खोली ईपी. पोर्टलवर मी फक्त सीपी ठेवतो, कारण पोर्टलचं कमिशन तिथे विकलेल्या पूर्ण रकमेवर बसतं, माझ्या सोलकढीवर त्यांना का कमिशन द्यायचं? जेवण इथे आल्यावर वेगळं बिलात.

पापलेट-सुरमईचा भाव रोज वेगळा, तर मेन्यूत त्याला फिक्स किंमत टाकू नका, ओपन आयटम करा म्हणजे बिल करताना भाव टाकता येतो. आमच्याकडे वेटरने तीन महिने जुन्या भावाने सुरमई विकली होती, कोणाच्या लक्षात नाही. लक्षात आलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता उपयोग कशात, तर मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो स्वयंपाकघरात. कोणाला खरं नाही वाटणार. प्रत्येक बुकिंगला मील प्लॅन नीट टाकला की उद्याचा रिपोर्ट काढता येतो, किती नाश्ते, दुपारची किती ताटं, रात्रीची किती. नोट्समध्ये आम्ही शाकाहारी-मांसाहारी लिहितो, फोनवरच विचारून. संध्याकाळी बंदरावर लिलावाला जाताना माझ्या खिशात कागद असतो, अठ्ठावीस ताटं, त्यातली नऊ शाकाहारी. आधी अंदाजाने घ्यायचो, कधी मासळी कमी पडायची, नाहीतर फ्रीजरमध्ये टाकावी लागायची. आणि संकष्टी कधी आहे ते बघत चला बाबांनो, एकदा संकष्टीला पंधरा ताटांची मासळी आणून बसलो होतो आणि मुंबईचा अख्खा ग्रुप उपासाचा. आता मी सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरवर संकष्ट्या आणि श्रावण टाकून ठेवतो, इव्हेंट म्हणून.

पहाटे येणाऱ्यांचं पण बघा. रात्रभर गाडी चालवून मुंबईवाले सकाळी सहाला दारात, तुमच्याकडे कुडाळला कोकणकन्या नि तुतारीने उतरून सकाळीच. खोलीत आधीचा पाहुणा अकरापर्यंत. बुकिंग घेतानाच येण्याची वेळ टाका, तो रकाना सगळ्यांच्याकडे असतो आणि कोणीच भरत नाही. तो भरला की आदल्या दिवशी अरायव्हल लिस्टमध्ये दिसतं की चार गाड्या पहाटे येतायत. मग एक खोली आदल्या रात्री रिकामी ठेवायची की अंघोळीपुरती सोय करायची ते शांतपणे ठरवता येतं, दारात उभं राहून नाही.

नाईट ऑडिटचं, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायचं, एक बटण असेल, ते रोज दाबता का? काही सॉफ्टवेअरमध्ये ते दाबल्याशिवाय दिवस पुढे सरकत नाही आणि त्या रात्रीचं भाडं बिलात चढत नाही. मग चेकआउटला बिल कमी येतं आणि आपण म्हणतो सॉफ्टवेअर चुकतंय.

गुहागरची_सूनबाई

थोडं वेगळं मत. माझ्या चार खोल्या आहेत, मी एक वर्ष पैसे भरले आणि सोडलं. चार खोल्यांना पीएमएस म्हणजे मुंगीला मखर. दोनच पोर्टल आहेत, त्यांची कॅलेंडरं एकमेकांना आयकॅलने, म्हणजे कॅलेंडर जोडायच्या लिंकने, जोडली आहेत, फुकट आहे. पण एक लक्षात ठेवा, आयकॅल लगेच चालत नाही, ते काही तासांनी एकदा बघून येतं, आणि त्यात फक्त तारीख बंद की उघडी एवढंच जातं, भाव जात नाही. त्या मधल्या वेळात दोन्हीकडून बुकिंग आलं तर आलंच. म्हणून सीझनला बुकिंग आल्या आल्या मी दुसऱ्या पोर्टलवर हाताने बंद करते.

पण तुमच्या अकरा खोल्या आहेत, तुम्ही सोडू नका असं मला वाटतं. तेवढं हाताने नाही होणार.

मावश्यांना अ‍ॅप द्यायच्या भानगडीत अजिबात पडू नका. आमच्याकडे जिन्याखाली एक पांढरा बोर्ड आहे, खोलीच्या नावापुढे लोहचुंबक, लाल म्हणजे घाण, हिरवा म्हणजे झाली. मावशी चुंबक फिरवते. तुमचा काउंटरवरचा माणूस बोर्ड बघून सॉफ्टवेअरमध्ये क्लीन करेल, दोन मिनिटांचं काम. नळ गळतो, कडी बसत नाही, हे मावशीला सगळ्यात आधी कळतं, तेही बोर्डवर खाली चित्र काढून. आमची मावशी नळाचं चित्र इतकं सुंदर काढते की पुसवत नाही.

हिशेबी_माणूस

मी हॉटेलवाला नाही, रत्नागिरीत चार-पाच हॉटेलांची अकाउंट्स बघतो. एक गोष्ट आत्ता उठून तपासा. सॉफ्टवेअरमध्ये जीएसटीचा दर काय टाकलाय? २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के झालाय, आधी १२ होता, आणि या ५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करता येत नाही. ७५०० च्या वर १८ टक्के. तुम्ही सॉफ्टवेअर मे च्या आधी घेतलंय म्हणजे सेटअप १२ चाच असणार. एका क्लायंटकडे दिवाळीपर्यंत १२ टक्क्यानेच बिलं चालली होती, मग जास्त लावलेल्या कराच्या क्रेडिट नोटा काढत बसलो. आणि स्लॅब बघताना बोर्डावर लावलेला दर नाही, प्रत्यक्ष घेतलेला दर धरायचा. खोली ८००० ची, तुम्ही ७००० ला दिलीत, तर ५.

बेळगाव नाहीतर बंगळुरूची कंपनी येते आणि म्हणते आम्हाला आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी, लावा. लावायचा नाही. हॉटेल जिथे आहे तिथलाच कर, सीजीएसटी-एसजीएसटी. सॉफ्टवेअर पाहुण्याचं राज्य बघून आपोआप आयजीएसटी लावत असेल तर ते सेटिंग बंद करून घ्या.

पोर्टलचे पैसे खात्यात येतात ते कमिशन, कमिशनवरचा १८ टक्के जीएसटी, आणि जीएसटी नोंदणी असेल तर अर्धा टक्का टीसीएस (पोर्टल आधीच कापून ठेवतं तो जीएसटी), आयकराचा टीडीएस ०.१ टक्का असं सगळं कापून. बिल ४००० चं आणि बँकेत येतात तीन हजार कितीतरी, मालक म्हणतो पैसे गेले कुठे. प्रत्येक बुकिंगला सोर्स, म्हणजे ते कुठून आलं, आणि "पैसे पोर्टलने घेतले की इथे घ्यायचे" हे दोन रकाने भरले असतील तर जुळवणी अर्ध्या तासात होते. नसतील भरले तर मला मेसेज वाचून वाचून करावी लागते आणि मी तेवढी फी लावतो. माणशी पॅकेजमध्ये जेवणाचा आणि खोलीचा कर कसा दाखवायचा ते मात्र तुमच्या सीएला कागदपत्रं दाखवून विचारा, इथे नको.

पुळ्याचा_वाटाड्या

हिशेबी म्हणतायत तो "पैसे कोणी घेतले" रकाना खरंच भर रे. आमच्या काउंटरवरच्या पोराने एका जोडप्याकडून पोर्टलवर भरलेले पैसे पुन्हा मागितले, ते लग्नाच्या वाढदिवसाला आलेले. कान धरून माफी मागावी लागली.

आणि शनिवारचं बघितलंस का? सगळ्यांना फक्त शनिवारची रात्र पाहिजे. सीझनच्या वीकेंडला पोर्टलवर किमान दोन रात्री लाव, म्हणजे शुक्रवार किंवा रविवार पण जातो. पण बुधवारपर्यंत नाही गेली खोली तर ती अट काढून टाक. मी एकदा विसरलो, सहा खोल्या शनिवारी रिकाम्या आणि खाली रस्त्यावर लोक खोली शोधत फिरतायत.

तारकर्ली_अकरा_खोल्या

उशिरा लिहितोय, सॉरी. दीड महिना झाला. सगळ्यांचं थोडं थोडं केलं.

आधी जीएसटी बघितला, १२ च होता. आमच्या अकाउंटंटने कपाळावर हात मारला, आता निस्तरतोय.

खोल्यांची नावं बदलली. आमच्यात वाद झाला कारण एका खोलीला आई "नवी" म्हणते आणि बाबा "मोठी", बांधून दहा वर्षं झाली तिला. शेवटी "नवी" ठेवलं. रेट प्लॅन कंपनीच्या पोराबरोबर फोनवर बसून दोन दुपारी घालवून नीट केले, एपी आणि सीपी दोनच ठेवले. त्यालाही माणशी रेट पहिल्यांदाच कोणीतरी नीट समजावून सांगितला असावा.

"पडलं" लगेच नाही जमलं. पहिल्या आठवड्यात बाबांनी तीन वेळा परस्पर हो म्हटलं, एकदा मी आणि त्यांनी वेगवेगळ्या माणसांना तीच खोली दिली पण त्याच संध्याकाळी लक्षात आलं, पाहुण्याला फोन करून दुसरी तारीख दिली. त्यानंतर झालेलं नाही. आता आईच बाबांच्या आधी ग्रुपवर आवाज टाकते, फोनचं अर्धं बोलणं ऐकून.

ताटांच्या रिपोर्टचं खरं निघालं. रोज रात्री प्रिंट काढून आईच्या चुलीजवळ खिळ्याला अडकवतो. तिने त्यावर पेन्सिलने नारळ किती ते लिहायला सुरुवात केलीय. प्रिंटचा दुसरा फायदा असा की परवा सबस्टेशनला काहीतरी होऊन सकाळपासून चार तास लाईट नव्हती, तरी कागदावर सगळं होतं, कोण येणार कोण जाणार. राऊटरला छोटा पॉवर बॅकअप लावलाय आणि काउंटरच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलंय, पण खरा पाऊस यायचाय.

सोर्सचा रकाना भरतोय. अजून फार दिवस नाही झाले पण दिसतंय की जे फोनवर येतात त्यातले बरेच परत परत येणारे, मिरज-सांगली-कोल्हापूरचे. त्यांचे नंबर आतापर्यंत फक्त बाबांच्या फोनमध्ये होते, "सांगली गाडीवाला" अशा नावांनी. जून ते ऑगस्ट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा बंद असतं तेव्हा आम्ही हात चोळत बसतो, तर यंदा या लोकांना पावसातलं जेवण म्हणून मेसेज करून बघणार आहे.

रिन्यू केलं, पण रेस्टॉरंटचं जास्तीचं मोड्यूल होतं ते काढून टाकलं, तेवढ्या टेबलांना केओटीची, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीची, गरज नाही. एक मात्र अजून सुटलेलं नाही. मे महिन्यात स्कूबावाले दहा-बारा जणांचा ग्रुप आणतात, खोल्या चार, माणसं आदल्या दिवशीपर्यंत बदलतात, आणि पैसे एकच जण देतो. त्याचं बिल एकत्र कसं करताय तुम्ही?

हर्णै_फ्रंट_ऑफिस

ग्रुप बुकिंग टाक, चार खोल्या एकाखाली. त्यात मास्टर फोलिओ, म्हणजे सगळ्या ग्रुपचं एकच बिल, उघड, भाडं आणि जेवण त्यात जाऊ दे, बिअर आणि जास्तीची मासळी ज्याच्या त्याच्या खोलीवर. माणसांची संख्या आदल्या संध्याकाळी पाचला फिक्स करायची असं स्कूबावाल्याला आत्ताच सांगून ठेव, नाहीतर तुझ्या आईचं ताटांचं गणित कोसळेल.